समुद्रकाठच्या अंगणात कमी निगेची फुलझाडं : कोणती, कुठे, कधी लावावीत?

पुळण (१४ एप्रिल)

नमस्कार मंडळी,

मालवण तालुक्यात, समुद्रापासून पाच मिनिटांच्या चालीवर आमचं जुनं घर आहे. पुढची जमीन सगळी पुळणीची, म्हणजे समुद्राच्या वाळूची. मागची बाजू थोडी चढावर, तिथे जांभा. दोन्ही मिळून सात-आठ गुंठे असतील. नारळ आहेत, मागे एक जुना फणस आहे, बाकी जागा मोकळी. आम्ही राहतो डोंबिवलीत. गणपती, दिवाळी, शिमगा आणि मे महिना एवढंच आमचं जाणं. शेजारच्या काकी आठवड्यातून एकदा पाणी घालायला तयार आहेत, पण त्यांचं वय पाहता त्यांच्यावर जास्त भार टाकणं मला बरोबर वाटत नाही.

सासूबाईंची एकच इच्छा आहे. घरी गेलं की देवाला घालायला आपल्या अंगणातली फुलं मिळावीत. मला लॉन नको, रोज पाणी मागणारं काही नको. विहिरीचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. पश्चिमेचा वारा थेट घरावर येतो. वानर येतात. शिमग्यानंतर गावातली गुरं मोकळी सोडतात, तीही येतात. अशा जागेत कोणती फुलझाडं तगतील आणि लावायची कधी, हे अनुभवी लोकांनी सांगावं.

आगरातली (१४ एप्रिल)

जास्वंद, तगर, अबोली, गुलबास, सदाफुली, कर्दळ. डोळे मिटून लावा. आमच्या श्रीवर्धनकडे प्रत्येक आगरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या वाडीत, हीच झाडं आहेत आणि कुणी त्यांचं फार कौतुक करत बसत नाही, तरी बारा महिने देव्हारा भरलेला असतो. सविस्तर रात्री लिहिते.

गडगा (१४ एप्रिल)

आगरातली ताईंची यादी चांगली आहे, पण तीच झाडं पुळणताईंनी पश्चिमेच्या कडेला लावली तर पहिल्याच जुलैत करपतील. म्हणून झाडांची नावं नंतर. आधी वाऱ्याची बाजू आणि आडोशाची बाजू वेगळी करा.

आमचं घर वेंगुर्ल्याला, समुद्र तसाच जवळ. जून-जुलैत नैऋत्येकडून येणारा वारा लाटांचे तुषार उचलून आणतो आणि ते मीठ पानांवर बसतं. पाऊस धो धो चालू असेल तर धुऊन जातं. खरं नुकसान होतं ते पाऊस उघडून वारा चालूच राहतो तेव्हा. पानांच्या कडा आधी तांबूस होतात, मग पान वाळतं, कोवळे शेंडे तर एका रात्रीत काळे पडतात. लोकांना वाटतं रोग पडला, आणि ते फवारणी करत बसतात.

तेव्हा पहिलं काम म्हणजे वारा अडवणारी झाडांची ओळ. त्यासाठी उंडीसारखं झाड नाही. पान जाड आणि चकचकीत, मीठ त्याच्यावर टिकत नाही. पांढरी फुलं, मधे पिवळे केसर, वास इतका सुंदर की फुलोऱ्याच्या दिवसांत घराचं दार उघडं ठेवावं. तिच्या बियांच्या कडू तेलावर पूर्वी दिवे जळायचे, होड्यांच्या लाकडालाही तेच तेल लावायचे. सुरुवातीची काही वर्षं ती हळू वाढते, एवढा धीर मात्र धरावा लागतो. तिच्या जोडीला भेंडीचं झाड लावा. भाजीची भेंडी नव्हे, किनाऱ्यावरचं मोठं झाड. सकाळी पिवळं उमलणारं त्याचं फूल संध्याकाळपर्यंत तांबूस जांभळं होतं. या दोघांच्या पुढे, समुद्राकडच्या अंगाला कण्हेरीची दाट रांग.

चिऱ्यांची उंच भिंत बांधून वारा अडवायचा विचार कुणी सुचवला तर ऐकू नका. भिंतीवरून वारा उडी मारतो आणि पलीकडे आणखी जोरात आदळतो. झाडांच्या ओळीतून तो गाळून, मंद होऊन येतो. ओळीच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत तिचा आडोसा मिळतो. म्हणजे तीन मीटर उंचीची ओळ झाली की तीस मीटरपर्यंतचं अंगण सांभाळलं जातं. तुमच्या सात-आठ गुंठ्यांना तेवढं पुरे.

ओहोटी (१४ एप्रिल)

गडगा दादांनी बरोबर सांगितल्यानी. वारो खयसून येता ता पयलां बघूक होया. आमच्या आजयेन लावलेली उंडी अजून उभी आसा, तौक्ते वादळातसुद्धा हलली नाय. आंब्याचे फांदये मोडले, शेवगो तर मुळासकट गेलो.

हिरवा चुडा (१५ एप्रिल)

उंडी हळू वाढते म्हणता, मग सुरूचं झाड का नको? समुद्रकिनाऱ्यांवर सगळीकडे सुरूचीच बनं दिसतात. झपाट्याने वाढतो, खारं सोसतो.

आगरातली (१५ एप्रिल)

सुरू वाढतो झपाट्याने, हे खरं. पण त्याच्या खाली त्याच्या काड्यांचा असा थर साचतो की दुसरं काही धड उगवत नाही. फुलझाडांच्या अंगणात ते परवडत नाही. दुसरं कारण वादळाचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा आमच्याकडे नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या झोपल्या, आणि किनाऱ्यावरचे सुरूही आडवे झाले. पिढ्यांनी वाढवलेली आगरं एका दुपारी गेली. त्या दिवसानंतर मी घराजवळ उंच, ठिसूळ झाड लावत नाही. गुलमोहर, शेवगा, सुरू यांना घराच्या छपरापासून लांब ठेवा.

कालच्या यादीबद्दल: गडगा दादांचं म्हणणं मला पटतं. आमच्या आगरात नारळ-पोफळीचा दाट आडोसा आहे म्हणून ती झाडं बिनधास्त राहतात. पुळणताईंनी ती घराच्या पूर्वेला किंवा उंडीच्या ओळीमागे लावावीत.

कृषी पदवीधर (१५ एप्रिल)

मी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात शिकलोय. वाऱ्याइतकाच जमिनीचा फरक महत्त्वाचा आहे आणि पुळणताईंच्या जागेत दोन्ही प्रकारच्या जमिनी आहेत, त्याचा फायदा घ्यावा.

जांभ्याची माती आम्लधर्मी, लोहाने भरलेली. अनंत, एक्झोरा, सोनचाफा यांना हीच माती मानवते. तीच झाडं पुळणीत लावली की काही महिन्यांत पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. किनाऱ्याच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणजे चुना. त्यामुळे जमीन अल्कधर्मी होते आणि झाडाला लोह घेता येत नाही. त्यावर कितीही शेणखत घातलं तरी ते झाड रडतच राहणार. तेव्हा अनंत आणि सोनचाफा मागच्या चढावर, फणसाच्या बाजूला लावा. सोनचाफ्याला खारा वारा अजिबात सोसत नाही, घराचा आडोसा त्याला हवाच.

पुळणीत पाणी टिकत नाही ही दुसरी अडचण. त्यासाठी खड्डा दोन-अडीच फूट खोल घ्या आणि तळाला नारळाची सोडणं (वरची सालं) पोकळ बाजू वर करून रचा. नारळाच्या लागवडीत हे नेहमी करतात. सोडणं पाणी धरून ठेवतात आणि मुळं त्यांच्यातच शिरतात. वर शेणखत, थोडी तांबडी माती आणि तिथलीच वाळू. कोरडी सोडणं वर पसरायची तर खोडाला टेकवू नका, वाळवी त्यांच्यावरून खोडावर चढते.

पुळण (१५ एप्रिल)

किती मोलाची माहिती! मागचा चढ आम्ही निरुपयोगी समजत होतो. सासूबाईंना अनंत फार आवडतो, त्याची जागा ठरली.

एक शंका. कण्हेर विषारी असते ना? मे महिन्यात घरात सगळी नातवंडं असतात.

गडगा (१५ एप्रिल)

विषारी आहे, पान, फूल, फांदी सगळंच. तिची काटछाट केली की फांद्या चुलीत किंवा बंबात घालू नयेत, धूरही वाईट. म्हणून ती मी समुद्राकडच्या कडेला सांगितली, जिथे मुलं खेळत नाहीत आणि गुरांना आत शिरायला वाट राहू नये असं वाटतं. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, मात्र लहान मुलं असलेल्या घरात लावूच नका. तिच्या बिया मुलं खेळायला घेतात आणि त्या जिवावर बेततात. कण्हेर नकोच असेल तर त्या जागी निर्गुडी लावा. फांदी रोवली की लागते, निळसर फुलं येतात, गुरं फारशी तोंड लावत नाहीत, आणि बाळंतिणीच्या शेकाला किंवा सांधे धरले तर पाला घरातच मिळतो.

बाल्कनीतून अंगणात (१६ एप्रिल)

लॉन नको म्हणालात म्हणून सुचवतो. वेडेलिया लावा. पिवळी फुलं, हिरवागार गालिचा, ऊन-खारं-पाऊस सगळं सोसतो. रिसॉर्टवाले सगळीकडे तोच लावतात. एकदा लावला की बघायला नको.

गडगा (१६ एप्रिल)

कृपा करून लावू नका. बघायला नको हे खरं, कारण नंतर तो तुमचं ऐकत नाही. एक कांडं पडलं तरी मूळ धरतं, गडग्याच्या, म्हणजे आवाराच्या दगडी भिंतीच्या, पलीकडे जातं, व्हाळात (ओढ्यात) उतरतं आणि तिथला तेरडा, भुईची झाडं सगळी झाकून टाकतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींची जी यादी आहे तिच्यात वेडेलिया आहे. त्याच यादीत रानमोडी आहे आणि घाणेरी आहे. या दोघींनी आपल्या डोंगरांचं काय केलं ते कोकणात सगळे बघतायत. हातानं आणखी एक आणून लावायची गरज नाही.

कृषी पदवीधर (१६ एप्रिल)

गडगा दादांना पूर्ण अनुमोदन. जमीन झाकायला हवी असेल तर जलपिंपळी लावा. आपली, किनाऱ्याची वनस्पती. जमिनीलगत पसरते, पाय पडला तरी चालतं, बारीक पांढरट फुलं येतात आणि त्यांच्यावर फुलपाखरं. बारा महिने गर्द हिरवी दिसेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. मेमध्ये थोडी मरगळते, पहिल्या पावसात परत येते.

कोरड्या दिवसांत वाळूवर चिनी गुलाबही फार छान पसरतो. तुकडा टोचला की लागतो. जोराच्या पावसात कुजतो, म्हणून थोडे तुकडे पडवीत कुंडीत राखून ठेवायचे आणि दिवाळीला पुन्हा टोचायचे.

ओहोटी (१६ एप्रिल)

आणि गडग्याबाहेर, दर्याच्या बाजूक मर्यादावेल आसतली. जांभळ्या फुलांची. ती काडू नकात! तिच्यामुळेच पुळण जाग्यार रवता. लोक 'साफसफाई' म्हणान जेसीबी लावतत आणि मगे दुसऱ्या पावसाक वाळू थेट खळ्यात.

पुळण (१६ एप्रिल)

ओहोटी, आमच्या गडग्याबाहेर ती आहे. गेल्या वर्षी ती काढून 'मोकळं' करावं असं घरात बोलणं झालं होतं. आता कुणाला हात लावू देणार नाही.

पेडण्याचो वारो (१७ एप्रिल)

गोव्यातून लिहितोय, पेडणे तालुका, तुमच्या शेजारीच. तुम्ही गणपतीला येता म्हणून सांगतो. त्या दिवसांसाठी काहीही 'लावायची' गरज नाही, उगवलेलं राखायला शिका. आमच्याकडे माटोळीला आणि तुमच्याकडे माटीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरच्या चौकटीला, जे बांधतात त्यातलं पुष्कळसं पावसात आपसूक येतं. तेरड्याचं बी एकदा टाका, पुढच्या वर्षीपासून पहिल्या पावसात तोच उगवतो. शेंग पिकली की टचकन फुटून बी स्वतःच पेरते. कळलावीचा कंद गडग्याच्या सापटीत टाकून ठेवा. जूनमध्ये कोंब, गणपतीत लाल-पिवळी आगीसारखी फुलं, दिवाळीनंतर वेल वाळून जातो आणि कंद जमिनीत झोपतो. उन्हाळ्यात पाणी द्यायचं कामच नाही. तिचा कंद अतिशय विषारी असतो, म्हणून जिथे कुणी खणणार नाही अशीच जागा बघा.

गवत काढणाऱ्या माणसाला मात्र जुलैत बजावून ठेवावं लागतं. आता गवत काढायला येणारे मशिनवाले असतात, ते सरसकट सगळं भुईसपाट करतात. तेरडा कुठे आहे तिथे काठ्या रोवून सुतळी बांधा.

आगरातली (१७ एप्रिल)

हे वाचून मला एक सुचलं. पुळणताई चारच वेळा जाणार, तर त्या चार वेळी काय फुलेल याचा विचार करून झाडं निवडली तर? बारा महिने फुलणाऱ्या झाडांच्या मागे लागायला नको.

गणपतीला तेरडा, कळलावी, सोनटक्का, गुलबास, तगर आणि गोकर्ण. सोनटक्का न्हाणीच्या पाण्यावर लावा. त्याला ओल लागते आणि न्हाणीचं पाणी तरी दुसरं कुठे जाणार? तुम्ही नसताना न्हाणी कोरडी असते, पण पावसाळ्यात त्याची चिंता नाही, आणि उन्हाळ्यात पानं वाळली तरी कंद जिवंत राहतो. त्याच्या जोडीला कर्दळ. पारिजातकही गणपतीच्या सुमारास सुरू होतो आणि दिवाळीपर्यंत सडा घालतो. त्याला घराच्या मागे जागा द्या, खारा वारा त्याला आवडत नाही.

दिवाळीला कोरांटी. या झाडाला आता कुणी विचारत नाही याचं मला फार वाईट वाटतं. पिवळी काटेकोरांटी घ्या, धोंड्यातही वाढते, काट्यांमुळे गुरं जवळ येत नाहीत, आणि पाऊस संपला की थंडीभर फुलते. नुसती फांदी खोचायची. पांढरी आणि जांभळट कोरांटीही छान, तिला थोडी सावली चालते.

शिमग्याला बोगनवेल. पाणी तोडलं की फुलणारं झाड म्हणजे तुमच्यासाठीच. पावसाळ्यात ती नुसते पाल्याचे लांब धुमारे काढते. दिवाळीला गेलात की ते निम्म्याने छाटा आणि मग तिला विसरून जा. मार्चला सगळा गडगा रंगलेला असेल. काटे असतात, म्हणून येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब. काकींना सांगून ठेवा की हिला पाणी घालू नका, नाहीतर माया करून त्या घालतील आणि पानंच येतील.

मेमध्ये चाफा. पांढरा देवचाफा. त्याच्याबद्दल वेगळं सांगायलाच नको.

हिरवा चुडा (१७ एप्रिल)

मोगरा राहिला की! मे महिना आणि मोगरा नाही?

आगरातली (१७ एप्रिल)

मुद्दाम राहू दिला. मोगरा फुलवायचा तर थंडीत पानं खुडून छाटणी करायची, खत घालायचं, मग कळ्या धरेपर्यंत नियमित पाणी. तेही गोडं. त्यांच्या विहिरीचं पाणी नेमकं त्याच दिवसांत मचूळ होतं. एखादं झाड हौसेने काकींच्या दारात लावावं, तिथे ते रोज नजरेखाली राहील. पुळणीत पाचपन्नास मोगरे लावले तर जगतील, पण कळ्या मोजक्याच.

गडगा (१८ एप्रिल)

मोगऱ्याची वासाची भूक बकुळीवर भागवा. खारा वारा सोसते, वादळात टिकते, सावली देते, फुलं वाळली तरी वास जात नाही. हळू वाढते, पण नातवंडं मोठी होईपर्यंत सावलीत खुर्ची टाकता येईल. आणि जांभ्याच्या बाजूला जागा असेल तर सुरंगी लावाच. आमच्या आरवली-शिरोड्याच्या बाजूला फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरंगीचे वळेसर (गजरे) बाजारात येतात तेव्हा सगळा रस्ता घमघमतो. जुन्या फांद्यांना चिकटून कळ्या लागतात, आणि उमलायच्या आत, पहाटेच काढाव्या लागतात. बीपासून वाढवलं तर फुलायला बरीच वर्षं जातात. तरी लावा. ही झाडं लावायची ती माणसंच कमी झाली आहेत.

पुळण (१८ एप्रिल)

सुरंगीचं नाव वाचून सासूबाई खूश झाल्या, त्यांचं माहेर रेडीचं. लावणारच.

आता वानरांचं आणि पाण्याचं सांगाल का? जास्वंदीवर त्यांची फार धाड असते असं काकी म्हणतात.

गडगा (१८ एप्रिल)

जास्वंदीच्या कळ्या आणि कोवळे शेंडे वानरांना फार आवडतात, यावर उपाय नाही. ओटीच्या अगदी जवळ लावा आणि एक न लावता चार लावा. साधी पाच पाकळ्यांची लाल जास्वंद घ्या. रंगीत संकरित जाती दिसायला मोठ्या, पण पिठ्या ढेकूण आधी त्यांच्यावर चढतो. एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि चिमूटभर साबण मिसळून संध्याकाळी फवारलं तर आटोक्यात राहतो.

ज्यांना चीक असतो किंवा जे विषारी असतात त्यांच्या वाटेला गुरं-वानरं सहसा जात नाहीत. चाफा, सदाफुली, कण्हेर, रुई, तगर. सदाफुली तर भर पुळणीत, समुद्राच्या तोंडावरही फुलते. मूळची मादागास्करची, पण आपल्या किनाऱ्यावर अशी रुजली आहे की परकी वाटत नाही. समुद्राकडच्या ओळीत तिलाच पुढे ठेवा. तिच्या जोडीला स्पायडर लिली, मचूळ पाणीही चालतं तिला. आणि एक रुई राहू द्या. शनिवारी मारुतीला हार होईल.

कृषी पदवीधर (१८ एप्रिल)

पाण्याबद्दल. ठिबक आणि बॅटरीवरचा टायमर हा एक मार्ग आहे, पण मचूळ पाण्याचा क्षार आणि बारीक वाळू नळीच्या तोंडांत बसते. घरी कुणी नसताना ती तुंबली तर कळतही नाही. मी तुमच्या जागी मडकी पुरीन. भाजलेलं, झिलई नसलेलं मातीचं मडकं झाडापासून फूटभरावर गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्याने भरायचं, तोंडावर झाकण किंवा करवंटी. पाणी हळूहळू पाझरतं, मुळं त्या दिशेने जातात. काकींनी आठवड्यातून एकदा मडकी भरली की झालं, नळी धरून उभं राहायला नको. झाकण घट्ट हवं, नाहीतर डास होतात.

हे सगळं पहिल्या दोन उन्हाळ्यांपुरतं. उंडी, भेंडी, चाफा, बोगनवेल, कोरांटी यांना तिसऱ्या वर्षी पाण्याची गरज उरत नाही. 'कमी निगा' म्हणजे पहिल्या दोन वर्षांत नीट निगा, हे झाडांच्या बाबतीत कायम लक्षात ठेवा. कपडे धुण्याच्या मशिनचं पाणी झाडांना सोडू नका, त्यातले क्षार पुळणीत साचून राहतात. अंघोळीचं पाणी चालेल.

अबोलीबद्दल एक सूचना. पुळणीत सूत्रकृमींचा, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या बारीक जंतांचा, त्रास होतो, अबोली अचानक माना टाकते आणि उपटून पाहिलं तर मुळांवर गाठी असतात. अबोलीच्या वाफ्यात आधी एक हंगाम झेंडू घ्या किंवा मधे मधे लावा, त्याने त्यांची संख्या कमी होते. नंतर अबोली स्वतःच पसरते. तिच्या वाळलेल्या बोंडांवर पाणी पडलं की ती तडकतात आणि बी चहूकडे उडतं.

आगरातली (१९ एप्रिल)

झाडांच्या आळ्यात पातेरा, म्हणजे वाळका पाला, घाला, त्याने पाणी निम्म्याने वाचतं. पण घराभोवतीची दहा-पंधरा पावलं जागा झाडून लख्ख ठेवा. फुरसं हा विषारी साप, तो पातेऱ्यात आणि गडग्याच्या सापटीत बसतो, आणि त्याचा रंग पातेऱ्यासारखाच असतो. बंद घराच्या अंगणात ही भीती जास्त. गेल्या गेल्या हातांनी पातेरा उचलू नका, आधी काठीने हलवा, पायात बूट घाला. मुलांना तर पहिल्या दिवशीच सांगा. आणि काकींना संध्याकाळचं पाणी घालायला लावू नका, सकाळचं सांगा.

पुळण (१९ एप्रिल)

हे कुणीच सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. काकींशी आजच बोलते.

लावायची वेळ कोणती? आम्ही मेच्या शेवटपर्यंत तिथे आहोत, मग थेट गणपतीला.

पेडण्याचो वारो (१९ एप्रिल)

गणपतीनंतर लावा. जूनच्या वादळी वाऱ्यात कोवळं रोप समुद्राच्या तोंडावर ठेवणं म्हणजे त्याला मारणं.

गडगा (१९ एप्रिल)

मला हे अर्धंच पटतं. गणपतीनंतर लावलं तर पावसाचे दिवस मोजकेच उरतात आणि लगेच आठ महिन्यांचा कोरडा काळ येतो. तोही रोपाची मुळं वरवर असताना. घरात कायम माणूस असेल तर ते चालतं. पुळणताईंना पावसाचं चार महिन्यांचं फुकट पाणी गमावून चालणार नाही. म्हणून खड्डे मेमध्ये भरून ठेवा, रोपं पहिला पाऊस स्थिरावला की काकींच्या ओळखीच्या गड्याकडून लावून घ्या, आणि उंडी-भेंडीच्या प्रत्येक रोपाला पश्चिमेच्या बाजूने नारळाच्या झावळ्यांचा विणलेला झाप उभा करा. दोन काठ्या आणि एक झाप, नारळ तुमच्याकडे आहेतच. दिवाळीला झाप काढून टाका, पुढच्या जूनमध्ये परत लावा.

आडोशाच्या बाजूची झाडं, म्हणजे तगर, अनंत, जास्वंद, ही जूनमध्येच लागू द्या. तिथे वाद नाही.

पेडण्याचो वारो (१९ एप्रिल)

झाप लावणार असाल तर माझी हरकत मागे. कायम मुक्काम नसलेल्या घराला गडगा दादांचं म्हणणंच योग्य.

पुळण (२० एप्रिल)

चाफ्याची फांदी काकींच्या दारात मिळेल. ती पण जूनमध्ये लावायची?

आगरातली (२० एप्रिल)

नाही, चाफा उलटा. त्याला पाऊस लागला की कुजतो. आत्ताच हातभर लांब, तपकिरी झालेली फांदी घ्या, हिरवा शेंडा नको. पानं काढून टाका आणि आठवडाभर सावलीत आडवी ठेवा, चीक सुकून तोंड बंद झालं पाहिजे. मग पुळणीतच, चार बोटं खोल, उंचवट्यावर खोचा आणि काठीला बांधा. पाणी थोडंच. पावसाळ्यात पानांच्या खालून केशरी पूड दिसली तर तो तांबेरा. घाबरू नका, ती पानं गोळा करून जाळा. थंडीत पानं सगळी गळतात, तेव्हा झाड मेलं असं समजून कुणी उपटू नये म्हणून काकींना आधीच सांगा.

पुळण (२० एप्रिल)

आणि उंडीची रोपं? डोंबिवलीच्या नर्सरीत विचारलं तर त्यांनी नावही ऐकलेलं नव्हतं.

गडगा (२० एप्रिल)

नर्सरीत शोधू नका. तुमच्याच किनाऱ्यावर जुन्या उंडीखाली गोल बिया पडलेल्या असतात, पुष्कळदा वटवाघळांनी वरचा गर खाऊन टाकलेल्या. कवच हलकेच फोडून आतला गोळा अख्खा काढायचा आणि पिशवीत अर्धा बुडेल इतकाच पुरायचा. कवचासकट पुरला तर उगवायला फार वेळ घेतो. पिशव्या मोठ्या घ्या, मूळ सरळ खाली जातं आणि लहान पिशवीत वेटोळं घालतं. असं वेटोळं झालेलं झाड पुढे वाऱ्यात टिकत नाही.

यंदाच्या जूनसाठी माझ्याकडे दोन वर्षांची रोपं पिशव्यांत आहेत, तुमच्या ओळीला पुरतील. मेमध्ये मालवणला आलात की इथेच निरोप टाका. वेंगुर्ल्यापर्यंत या आणि घेऊन जा. येताना विणलेले झाप पाहिजे असतील तर तेही सांगा, आमच्या शेजारच्या वहिनी विणून देतात.

पुळण (२० एप्रिल)

नक्की येतो दादा. झाप पंधरा सांगून ठेवा, आणि सुरंगीचं बी कुणाकडे असेल तर तेही.

ओहोटी (२१ एप्रिल)

सुरंगीचा बी माझ्याकडे गावात. ताज्याच बियेक रुजवो येता, सुकली की जाता. पिकली की पिशयेत रुजत घालतंय आणि गणपतीक रोपां तुमच्या घराकडे पोचयतंय.